दापोलीचं अंगण आणि नागपूरची सवय

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगायचं तर यजमानांचं मूळ घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. सासूबाई होत्या तोवर घराभोवतीचं अंगण आणि परसू फुलांनी भरलेलं असायचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घर आता मे महिन्यात आणि गणपतीला तेवढं उघडतं, एरवी कुलूप. ताई नागपूरच्या गच्चीवर गुलाब, शेवंती, पिटुनिया फुलवतात. इथून नेलेली रोपं तिकडं दोनदा मेली, त्यात एक संत्र्याचं कलमही होतं. हौसेनं अंथरलेली लॉन पहिल्याच पावसाळ्यात रानगवताखाली गेली. शेजारच्या वहिनी किल्ली सांभाळतात, नव्या रोपांना पाणीही घालायच्या, पण हल्ली त्यांचा सूर जरा बदललाय. पुण्याचे दीर म्हणतात, सगळीकडं पेव्हर ब्लॉक घालू आणि मोकळे होऊ. ताई लिहितात, "फाटकाजवळचा चाफा, विहिरीकडची जास्वंद, पावसात उगवणाऱ्या पांढऱ्या लिली आणि गडग्याकडेची गुलबाक्षी सोडली तर काही उरलेलं नाही. खाऱ्या वाऱ्यात टिकणारी, बारा महिने फुलणारी आणि देखभाल न लागणारी झाडं सांगा. आणि खरं सांगा, सासूबाईंची बाग माझ्या हातून गेली ना?"

ताई, यादी देते. पण तिची पहिली चार नावं तुम्हीच लिहून पाठवली आहेत, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. चाफा, जास्वंद, लिली, गुलबाक्षी. तीन वर्षं यांना कुणी पाणी घातलं नाही, खत दिलं नाही, मोकाट गुरं येऊन गेली असतील, माकडांनी कळ्या ओरबाडल्या असतील, तरी ही झाडं उभी आहेत. देखभाल न लागणारं झाड म्हणजे आणखी वेगळं काय असतं? बागेतलं जे सासूबाईंच्या रोजच्या हातावर जगत होतं ते त्यांच्यामागे गेलं, जे त्या जमिनीचं होतं ते राहिलं. सासूबाई तिथं सकाळ-संध्याकाळ होत्या आणि तुम्ही नऊशे किलोमीटरवर आहात. यात कुणाच्या हातगुणाचा प्रश्न येतोच कुठं?

आता जरा तुमच्या नागपूरच्या सवयीकडं वळू. पत्रात तुमचा सूर असा आहे, की ४६ अंशांत झाडं जगवली, तिथं तर उन्हाळ्यात पारा ३३-३४च्या पुढं क्वचित जातो, मग अडचण कसली? अडचण अशी की उन्हाशी दोन हात करायला आपण नागपूरकर शिकलो, ते सगळं तिकडं गैरलागू आहे. आपल्याकडं मे महिन्यातली कोरडी झळ झाडाला मारते. म्हणून आपण हिरवी जाळी बांधतो, दोन वेळा पाणी घालतो, कुंड्या कूलरच्या आडोशाला सरकवतो. वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास, काळी माती ओल धरून ठेवते, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास किंवा खालीही उतरतो. तुमच्या गुलाबांचा, शेवंतीचा, पिटुनियाचा रंग त्या थंडीमुळं असतो.

दापोलीकडं किनाऱ्याला तशी थंडी नाही आणि हवा कधीच कोरडी नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणजे नागपूरच्या तीन वर्षांचा पाऊस एका हंगामात. त्या दमटपणात गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात आणि आठ-पंधरा दिवसांत काड्या उघड्या पडतात. शेवंती बुंध्याशी कुजते. मूळ कुजलं की पानं मान टाकतात, आणि मान टाकलेलं रोप पाहिलं की कुणालाही वाटतं याला पाणी कमी पडतंय. वहिनींनी आणखी एक तांब्या ओतला असेल, तो प्रेमापोटीच.

संत्र्याचं तेच. काटोल-नरखेडच्या बागाईतदारांना विचारा, बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या रोग लागतो म्हणून तेसुद्धा पावसाळ्यात आळी उघडी करून पाणी काढून देतात. किनाऱ्यावरच्या आषाढात त्या कलमानं काय करावं? यापुढं दापोलीला जाताना संत्र्याची पेटी न्या, कलम नको.

पाऊस संपला की नेमकं उलटं चित्र. ऑक्टोबरमध्ये एखाद-दोन सरी आल्या तर आल्या, त्यानंतर मेअखेरपर्यंत आभाळ कोरडं. खाली पुळणीची वाळू असो की जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, दोन्हीत ओल टिकत नाही. इतक्या पावसाच्या मुलखात फेब्रुवारीपासून झाडं तहानेनं मरतात हे नागपुरात बसून पटत नाही, पण तसंच आहे. त्यात समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये कित्येक ठिकाणी मचूळ होतं. तुमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात जिभेवर ठेवून बघा. मचूळ लागलं तर मोगरा, अनंत, एक्झोरा यांच्या वाट्याला ते जाऊ देऊ नका. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली यांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

खारा वारा हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा बागुलबुवा. तो खरा आहे, पण सरसकट नाही. मे महिन्यात गेलात की एक काम करा. अंगणातलं कुठलंही मोठं झुडूप निवडा आणि त्याच्याभोवती सावकाश फिरा. समुद्राकडच्या बाजूच्या पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झालेल्या आणि घराकडच्या बाजूची पानं हिरवीगार, असं दिसलं तर तो मिठाचा चटका आहे. दोन्ही बाजूंची पानं सारखीच पिवळी पडून गळत असतील तर कारण मुळाशी आहे, पाणी साचलंय किंवा अजिबात मिळत नाहीये. आणि शेंडे तेवढे कुरतडलेले असतील तर ती शेजारची गाय! या एका फेरीत तुम्हाला कळेल की खारा वारा अंगणाच्या कुठल्या पट्ट्यापर्यंत येतो. बहुतेक घरांत तो समुद्राकडच्या कुंपणाजवळच्या पट्ट्यातच खरा त्रास देतो. घराच्या पाठीमागं, भिंतीच्या आडोशाला, गोष्ट वेगळी असते.

म्हणून अंगणाचे दोन भाग धरा. समुद्राकडची बाजू वारा अडवणाऱ्यांची, पाठची बाजू फुलं देणाऱ्यांची.

वारा अडवायला नर्सरीवाले पहिल्यांदा सुरूचं झाड सुचवतात. किनाऱ्यावर सुरूची बनं लावलेली आहेत आणि ती झटपट वाढतात हेही खरं. पण घराच्या कुंपणाला मला सुरू नको वाटतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा तिकडच्या आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी कशा आडव्या झाल्या हे तुमच्या यजमानांना सांगायला नको. छपराच्या उंचीपेक्षा वर जाणारं कुठलंही नवं झाड घरापासून लांब, त्याच्या उंचीइतकं अंतर सोडूनच लावायचं. जागा असेल तर कोपऱ्यात एक उंडी लावा. खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाही, पानं जाड आणि चकचकीत, पांढरी सुवासिक फुलं येतात, आणि तिच्या बियांच्या कडू तेलावर पूर्वी कोकणात दिवे जळत. वाढते मात्र सावकाश, तुमच्या नातवंडांच्या हिशेबानं. बकुळही तिथं चांगली राहते, तीही सावकाशच.

त्यांच्या आत, कमरेच्या उंचीला, बोगनवेल आणि कण्हेर. बोगनवेलीला गुरं तोंड लावत नाहीत, काटेरी कुंपण आपसूक होतं. तिला पाणी आणि खत जितकं जास्त द्याल तितकी ती पानं काढत बसते, कोरडं पडलं की फुलते. पावसाळ्यात ती नुसती हिरवी दिसेल, घाबरू नका. गणपतीला जाल तेव्हा निर्दयपणे छाटा, मे महिन्यात रंग बघायला मिळेल. कण्हेर टिकाऊपणात पहिल्या नंबरची, पण तिचं पान, फूल, काडी सगळंच विषारी आहे, पिवळ्या फुलांच्या बिट्टीची बी तर फारच. घरात लहान मुलं येणार असतील तर बिट्टी लावूच नका. आणि कण्हेरीची छाटणी कुंपणाबाहेर टाकायची नाही. झाडावरची कण्हेर गुरं सहसा सोडतात, पण सुकलेला पाला चाऱ्यात मिसळला की खाल्ला जातो.

त्यांच्या पायाशी सदाफुली आणि पांढरी लिली. सदाफुली वाळूत उगवते, मीठ सोसते, उन्हाला हसते आणि आपलं बी आपणच टाकते. एकदा लावली की पुढं फक्त नको तिथली उपटायची. ती विकत आणायचीही गरज नाही, कुणाच्याही दारातून चार शेंगा मागून आणा. तुमच्याकडची ती लांब, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची लिली असेल तर तिचे कांदे आतापर्यंत दाटीनं वाढलेले असणार. मे महिन्यात गड्डे उकरून सुटे करा आणि कुंपणाच्या कडेनं वीत-वीत अंतरावर लावत जा. एका गड्ड्यातून अख्खी रांग निघते, खर्च शून्य.

आता घरामागची बाजू, आणि इथं तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. नागपुरात अनंत लावून बघितला असेल तर त्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे तुम्ही पाहिलं असेलच. एक्झोऱ्याचंही तसंच होतं. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यात या झाडांना लोह उचलता येत नाही, मग आपण औषधं फवारत बसतो. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिथं हीच झाडं एकही फवारा न मागता गर्द हिरवी राहतात. म्हणजे नागपुरात ज्यांनी तुम्हाला छळलं, ती दापोलीत लावा! अनंत पावसाच्या सुमारास फुलतो, लाल गुच्छांचा एक्झोरा जवळजवळ वर्षभर. सोबत तगर, कोरांटी, अबोली, आणि विहिरीजवळच्या ओलसर कोपऱ्यात सोनटक्का. सोनटक्क्याला दुसरीकडं कुठंही लावू नका, उन्हाळ्यात नाहीसा होईल.

जास्वंद घेताना मात्र नर्सरीतल्या मोठ्या, दोनरंगी, दुहेरी फुलांच्या जातींकडं बघूही नका. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण हमखास येतो आणि तो काढायला कुणीतरी घरी असावं लागतं. तुमच्या विहिरीकडची गावठी लाल एकेरी जास्वंद आहे ना, तिच्याच पेन्सिलएवढ्या जाडीच्या, वीतभर काड्या पहिल्या पावसात मातीत खोचा. दहा खोचल्या तर निम्म्या तरी धरतील.

चाफ्याचं तंत्र वेगळं आहे आणि ते तुमच्या मेच्या मुक्कामात नीट बसतं. हातभर लांबीची फांदी धारदार कोयत्यानं कापा. पांढरा चीक येईल, तो कातडीला आणि डोळ्याला लागू देऊ नका. फांदी लगेच लावायची नाही. पडवीत सावलीला आठवडाभर आडवी टाकून ठेवा, कापलेलं तोंड पूर्ण सुकू द्या. मग उंचवट्यावर, वाळू मिसळलेल्या मातीत, वीतभर खोल लावा आणि काठीला बांधा. पाणी जवळपास द्यायचंच नाही. ओल्या चिकाची फांदी भर पावसात लावली की ती बुडाशी मऊ पडून कुजते, आणि लोक म्हणतात चाफा आमच्याकडं लागत नाही.

बारा महिने फुलं हवीत असं तुम्ही लिहिलंत. कुणासाठी, ताई? फेब्रुवारीत तिथं कुणी नसतं. तुम्ही दोनदाच जाता, तर बागेनं त्या दोन वेळा तुमच्यासाठी फुलावं, एवढा हिशेब पुरे. मे महिन्यात चाफा, बोगनवेल, एक्झोरा, कण्हेर, सदाफुली. गणपतीत जास्वंद, तगर, सोनटक्का, गुलबाक्षी, प्राजक्त, आणि तेरडा. तेरड्याचं बी एकदा टाकलं की तो दर पावसाळ्यात न सांगता येतो आणि गौरीला विकत आणावा लागत नाही. मधल्या महिन्यांत जे फुलेल ते वहिनींच्या देवाला. हा हट्ट सोडलात की निम्मी देखभाल तिथंच संपते, कारण बाग सतत फुलती ठेवण्यासाठी लागतं ते पाणी, खत आणि रोजची नजर. तुमच्याकडं तिथं यातलं काहीच नाही.

मग कामंही याच दोन मुक्कामांत बसवा. मे महिन्यात खड्डे करायचे. जमीन पुळणीची असेल तर सोपं आहे. जांभ्याची असेल तर सावध, कारण कातळात खोदलेला खड्डा म्हणजे बादली. पावसाचं पाणी त्यात भरतं आणि हलत नाही. तिथं खड्डा उथळ घ्या आणि माती वर चढवून दीड फुटाचा उंचवटा करा, रोप त्या उंचवट्यावर. खत पूर्ण कुजलेलंच, ताजं शेण घातलंत तर वाळवीला आमंत्रण.

रोपं पहिला पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लावायची, आणि इथं नागपूरकर म्हणून तुमचा एक फायदा आहे. उन्हाळ्यामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. किनाऱ्यावर पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतो. नातवंडांना घेऊन गेला असाल तर आठवडाभर जास्त थांबा आणि लावूनच परता. मुळांना चार महिने मिळतात. प्रत्येक रोपाला वाऱ्याच्या बाजूनं काठी, आणि बांधायला काथ्या, प्लॅस्टिकची दोरी नको. अबोली, सदाफुलीसारखी नाजूक रोपं जुलैच्या माऱ्यात झोडपून निघतात, ती गणपतीलाच लावा. रोपं विकत घ्यायचीच असतील तर तिकडच्या हवेत वाढलेली घ्या. दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, त्यांच्या रोपवाटिकेत आधी चौकशी करा.

गणपतीच्या मुक्कामात दुसरं मोठं काम, ओल जमिनीत कोंडून ठेवायचं. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, तुमच्याच घरामागं ढीग घालून पडलेली असतील. नव्या रोपाभोवती, बुंध्यापासून वीतभर सोडून, ती पोकळ बाजू वर करून मातीत बसवा आणि वर झावळ्यांचा, पाल्याचा जाड थर द्या. सोडणं पाणी पितात आणि हळूहळू सोडतात. तरीही नव्या रोपाला पहिले दोन उन्हाळे, जानेवारी ते मे, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी लागणारच. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून एका वर्षी आठ-दहाच रोपं लावा, चाळीस नकोत. टायमरवरच्या ठिबकचा विचार तुमच्या पत्रात आहे. कुलूपबंद घरात वीज जाते, नळी उंदीर कुरतडतो, भोकं क्षारानं बुजतात, आणि हे सगळं तुम्हाला मे महिन्यात कळतं. माझं मत, तो खर्च एखाद्या माणसावर करावा.

वहिनींचा सूर का बदलला असेल, याचा विचार करा बरं. त्यांनी किल्ली सांभाळायचं कबूल केलं होतं. त्यात हळूहळू रोपांना पाणी आलं, मग लॉन आली, मग मेलेल्या रोपांचं ओशाळेपण आलं. शेजारधर्म म्हणून त्या बोलत नाहीत आणि तुम्हीही संकोचानं पैशाचं काढत नाही. या वेळी गेलात की चहाला बसा आणि स्वच्छ विचारा, "तुमच्याच्यानं होत नसेल तर दुसरं कुणी बघू का?" होत असेल तर उन्हाळ्याच्या पाच महिन्यांचे पैसे ठरवा, आणि पैसे नको म्हणाल्या तर नारळ आणि फुलं त्यांची, असं तरी उघड बोला. आणि त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या. सासूबाईंनी कुठं काय लावलं होतं आणि का, हे त्यांना ठाऊक असणार. विहिरीकडं सोनटक्का होता की नाही, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, माकडं कुठून येतात. हे मला नागपुरात बसून सांगता येणार नाही.

नर्सरीत कुणी "काहीच करावं लागत नाही" म्हणून पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेडेलिया दिली तर घेऊ नका. ती खरोखरच काही मागत नाही, पण अंगण संपलं की कुंपण ओलांडून पाणंदीत जाते आणि मग कुणालाच आवरत नाही. घाणेरीचंही तेच, तिचे रंग कितीही गोड असोत.

आता दीरांचे पेव्हर. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. लॉन तिथं नकोच, पावसाळ्यात आठवड्याला कापावी लागते आणि कापायला कोणी नाही. घराच्या भिंतीपासून पाच-सहा फूट जागा मोकळी, झाडलेली असावी हेही बरोबर. रत्नागिरीच्या कातळात फुरसं, घोणस असे विषारी साप असतात, दाराशी दाट झुडपं आणि झावळ्यांचे ढीग नकोत. पण अख्ख्या अंगणाला ब्लॉक घातले तर तिथल्या पावसात पहिल्याच वर्षी शेवाळ धरेल, सांध्यांतून गवत येईल, पाणी मुरायला जागा नसल्यानं ते पडवीकडं वळेल, आणि गणपतीला आलेली वयस्कर माणसं त्यावरून घसरतील. शेवाळ घासणं ही गवत काढण्यापेक्षा हलकी देखभाल नाही.

त्यांना सांगा, फाटकापासून पडवीपर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची वाट करू, चिरे सिमेंटऐवजी वाळूत बसवू, घराभोवतीचा पट्टा बारीक खडीचा करू, बाकी जमीन उघडी ठेवू. आणि वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, गवत काढायला गडी लावू. घर दोघा भावांचं आहे, तर त्या मजुरीतला निम्मा वाटा दीरांचा, हेही त्याच फोनवर बोलून घ्या. पेव्हरच्या खर्चापुढं ती रक्कम त्यांना जड जाणार नाही.